उडण्याची शेवटची स्पर्धा

धक्क्याच्या टोकावरून म्हाताऱ्या क्लेमंटनं छत्र्यांच्या कापडाचे पंख पसरून उडी मारली आणि नेहमीप्रमाणे दगडासारखा पाण्यात पडला. किनाऱ्यावर हशा पिकला. बचावनावेतल्या मर्टलनं त्याला कॉलर धरून वर ओढलं. “इतक्या वर्षांत वीतभर तरी उडालास का रे? धक्का खिळखिळा झालाय, ही शेवटची स्पर्धा. आता तरी सांग, कशाला येतोस तडफडायला?” “उडायला कोण येतंय?” तो कुडकुडत म्हणाला. “तू बाहेर काढतेस ना, त्यासाठी येतो.” मर्टलचं हसू मावळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नोव्हेंबरात मासेमारीला निघाली असताना तिनं त्याला इथूनच बाहेर काढलं होतं. त्या उडीच्या वेळी त्याच्याकडे पंख नव्हते, किनाऱ्यावर हसायला कुणीही नव्हतं. “तेव्हा मी तुला शिव्याच दिल्या,” तो म्हणाला. “थँक्यू म्हणायचं राहिलं.” नाव काठाला लागली, तरी मर्टलच्या मुठीतून त्याची कॉलर सुटली नव्हती.