सव्वा मूठ गहू

हेडमास्तरांनी राजीनामा दोनदा वाचला आणि विचारलं, पगार वेळेवर होतो, निकाल चांगला लागतो, पोरं ऐकतात, मग जाता कशाला, सर?

व्यंकट सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. दोंडाईच्याजवळच्या या हायस्कुलात ते नऊ वर्षं गणित शिकवत होते. वर्गात उभं राहिलं की बरं वाटायचं, हे खरंच. पण शाळा सुटली की संध्याकाळ अंगावर यायची. तिकडे आपल्या गावी, उदगीरला निदान कुणी चुलत-मावस तरी विचारेल, जेवलास का म्हणून.

"या गावात माझं कुणी नाही," ते म्हणाले.

हेडमास्तरांनी सही केली.

सर ताईबाईंच्या घरी मागच्या खोलीत भाड्याने राहत. पुढे ताईबाई, त्यांचा मुलगा निंबा आणि नवीन नावाचा नातू. ताईबाईंचं बोलणं कमी. भाजी केली की वाटीभर सरांच्या दारात ठेवून जायच्या, झालं.

श्रावणात एका रविवारी घरात कानबाई, ही खानदेशातली देवी, बसायची. पहिल्याच वर्षी शाळेचा शिपाई झुलाल याने सरांना बजावलं होतं, की कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, देवीपुढे बसून खायचे आणि घरच्यांनीच खायचे. परक्याच्या तोंडी घास गेला तर देवी कोपते. तेव्हापासून सर त्या रविवारी सकाळीच घर सोडत. लोकांना उगीच अवघड व्हायला नको. रिकाम्या शाळेत बसत, वेफर्स खात, अंधार पडला की परतत. आपल्याला रीतभात कळते, याचं त्यांना जरा कौतुकही वाटे.

यंदाही तेच. आदल्या दिवशी ताईबाई घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने रोटांसाठी सव्वा मूठ गहू सुपात घेत होत्या. सर दिसले तशा त्या किंचित हसल्या. उद्या बाहेर जा म्हणून आठवण करून देतायत, असं समजून सर खोलीत गेले. शेवटच्या वर्षी तरी चुकायला नको.

सोमवारी कानबाई वाजतगाजत विसर्जनाला नदीवर गेली. सर बॅग घेऊन निरोप घ्यायला परसात आले. ताईबाई पेरूच्या झाडाखाली खड्डा करत होत्या. तिथली माती दर श्रावणात उकरलेली दिसायची. खत घालत असतील, असं सरांना वाटायचं. आज शेजारी ताटात एक अख्खा रोट होता.

हा कुणाचा राहिला, सरांनी विचारलं.

"तुम्हनाच," मान वर न करता त्या म्हणाल्या. "दरसाल तुम्हना नावनी मूठ घेस. तुम्ही बसतस नही. दुसराले देता येत नही."

सरांनी बॅग खाली ठेवली. मग मला कधी बोलावलं का नाहीत, एवढंच त्यांना विचारता आलं.

ताईबाईंनी आता त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"घरना माणूसले कोन आवतन देस, भाऊ?"