एका बाटलीला सहा बुचं

"अहो, पुरे करा आता!" प्रमिलाकाकू करवादल्या. परसातल्या आंब्याचा रस भरलेल्या बाकी बाटल्या केव्हाच्या चुलीवरच्या टोपात उकळत होत्या आणि आप्पा शेवटच्या बाटलीशी झटत होते. बूच मारायचं मशीन सासऱ्यांच्या वेळचं, दांडा ढिला. नवं घ्या म्हणून सांगून सांगून काकूंचं तोंड दुखलं होतं.

आप्पांनी दांडा दाबला, बाटली उलटी धरली. थेंब ओघळला. त्यांनी बूच उचकटून फेकलं. पाचवं!

"बाकीच्यांचे नाही केलेत एवढे लाड! घरातच प्यायचाय ना? द्या, उद्या जेवणात वाढून टाकते."

आप्पांनी सहावं बूच घेतलं. मान वर न करता विचारलं, "लातूरची गाडी किती तास घेते गं?"

काकूंच्या हातातला चिमटा तसाच राहिला. लातूरला त्यांचं एकच माणूस होतं, आप्पांच्या मनाविरुद्ध लग्न केलेली लेक. चार वर्षं त्यांनी तिचं नाव घरात काढू दिलं नव्हतं.

"साडेबारा तास!" काकू ताडकन म्हणाल्या. दोन्ही हातांनी त्यांनी दांडा धरला. "सरका. वाटेत गळेल अशानं."

लेक लातूरला गेली त्याच आठवड्यात काकूंनी स्टँडवर विचारून ठेवलं होतं.