भरमूचा आवाज

‘चोर आहात तुम्ही. मेलेल्या माणसाच्या घशात हात घालून आवाज उपसलात. कुणाला विचारलंत? आम्ही घरातली माणसं अजून जिवंत आहोत.’

एवढं लिहून रविराज थांबला. गेम बनवणाऱ्या कंपनीनं विचारलं होतं, ‘डेमो कसा वाटला? पहिलं मत कळवा.’ त्याखाली पाच चांदण्या होत्या. त्यानं एकही चांदणी रंगवली नाही.

रविवारची सकाळ होती. बोरगावच्या घरात, सोप्यात त्याची आई अक्काताई विड्या वळत बसली होती. मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू आणि दोरा. तिच्या समोरच लेकाचा लॅपटॉप.

‘छकडा’चा पहिला भाग आला तेव्हा रविराज दहावीत होता. पुण्याला शिकायला गेलेल्या चार पोरांनी बनवलेला बैलगाडी शर्यतीचा गेम. बैलांचे पाय खाटेच्या पायांसारखे, धुरळा म्हणजे नुसते तपकिरी चौकोन. पण त्यात निवेदन भरमूचं होतं, रविराजच्या बापाचं. बोरगाव असो नाहीतर सदलगा, शर्यत म्हटली की माईक भरमूच्या हातात. त्या पोरांनी त्याला एका जत्रेत ऐकलं आणि उचलून थेट पुण्याला नेलं.

निपाणीच्या सायबर कॅफेत बापलेक एकाच खुर्चीवर टेकले होते. भरमूनं हेडफोन लावला, स्वतःचाच आवाज ऐकला आणि लाजला.

‘रव्या, ह्ये बेणं कोन वरडतंय रं?’

सगळा कॅफे हसला. त्या दिवशी रविराज मुद्दाम हरत राहिला. हरणाऱ्या गाडीवानाला भरमू जास्त शिव्या घालायचा, आणि पोराला त्याच ऐकायच्या होत्या.

आता तेरा वर्षांनी दुसऱ्या भागाचा डेमो आला होता. एकच मैदान, दोनच शर्यती. पण बैलांच्या अंगावरचा घाम चमकत होता. जू घासून मानेवर पडलेला डागसुद्धा दिसत होता. चाक खड्ड्यात गेलं की हातातला कंट्रोलर थरथरायचा. रविराजला ते सगळं आवडलं, खोटं कशाला बोला. मग गाड्या सुटल्या आणि भोंग्यातून आवाज आला.

‘सुटली रं सुटली! कासरा धर, लेका, कासरा!’

भरमूचा आवाज. रविराजनं शर्यत तिथंच सोडली.

दोन हजार एकोणीसच्या महापुरात दूधगंगेचं पाणी गावात शिरलं, तेव्हा रविराज बेळगावात नोकरीला होता. रस्ते आठ दिवस बंद. तो पोचला तेव्हा आईनं उंबऱ्यातच सांगितलं, ‘तुझं आप्पा बैलं सोडवाय गेलतं. माघारी आलं न्हाईत.’

अंग मिळालं नाही. मेलेल्यांच्या सरकारी यादीत नाव घालावं म्हणून रविराज निघाला, तर आईनं वाट अडवली. दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ म्हणणाऱ्या भटजींना तिनं दारातूनच परतवून लावलं. म्हाळात कावळ्याला घास ठेवला नाही. कपाळाचं कुंकू पुसलं नाही. गाव म्हणालं, बाई खुळी झाली. रविराजला मात्र तिचा अभिमान वाटायचा. जीव लावावा तर असा.

त्यानं पुढं लिहिलं, ‘चोरलात ते चोरलात, नीट तरी चोरायचं होतं. आवाज जाड केलात. वाक्याच्या मध्येच दम लागतो. आमचा आप्पा एका श्वासात अख्खी शर्यत पळवायचा. तुमच्या मशीनला माणूस जमला नाही. हा आवाज काढा, नाहीतर कोर्टात भेटू.’ खाली फोन नंबर घातला.

‘काय लिव्हतोस एवढं दात-ओठ खात?’ अक्काताईनं विचारलं.

‘आप्पांचा आवाज चोरलाय त्येंनी. मशीननं बनवलाय.’

‘वाजीव बगू.’

त्यानं वाजवला. तिच्या बोटांतला दोरा तसाच राहिला.

‘परत.’

त्यानं परत वाजवला.

‘बास,’ ती म्हणाली. ‘आन् त्ये कागुद धाडू नगंस.’

‘का?’

‘वाजतोय तर वाजू दे की. पोरं ऐकत्यात. तुझं काय जातंय?’

‘आई, आप्पांचं अंगबी मिळालं न्हाय आपल्याला. आवाज तेवढा उरलाय. त्योबी इकू दे व्हय ह्येंना?’

तिनं दोरा गुंडाळून विडी सुपात टाकली. त्यानं बटण दाबलं.

कोर्ट हा शब्द वाचला की कंपनीची माणसं रविवारीही कामाला लागतात. जेवणं उरकतात न उरकतात तोवर फोन आला. पुण्याच्या ऑफिसातली नीलम म्हणून कुणी बाई होती. आईलाही ऐकू जावं म्हणून रविराजनं फोन स्पीकरवर टाकला.

‘बोला. कुणाच्या परवानगीनं केलंत?’

‘सर, त्यांच्याच,’ नीलम म्हणाली. ‘मशीन वापरलेलं नाही आम्ही. भरमूअण्णा मार्चमध्ये स्वतः स्टुडिओत आले होते. तीन दिवस रेकॉर्डिंग चाललं. त्यांना दम लागायचा म्हणून थांबत थांबत केलं. व्हिडिओ आहे, पाठवू का?’

व्हिडिओ आला. पांढरी दाढी, खांदे उतरलेले, गळ्यात मफलर. माईकसमोर भरमू.

रविराजनं आईचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले. ‘आई! आप्पा हाईत! जित्तं हाईत गं! पुरातनं वाचल्यात!’

अक्काताईनं त्याचे हात बाजूला केले. फोन घेतला. डोळ्यांजवळ धरून व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. फोन अजून चालूच होता. तिनं तो तोंडापाशी नेला.

‘बाई, एक इचारते, खरं सांग. त्ये एकलंच आलतं, का जिच्यापायी घर सोडून गेलं ती सदलग्याचीबी संगट हुती? बोल की!’