भंगारवाला येण्याआधी

"जमणार नाही," असं कॉम्प्युटरनं पुन्हा एकदा सांगितलं आणि नानांनी बाह्या वर सारल्या.

तसं त्यानं ते फार सभ्य भाषेत सांगितलं होतं. पडद्यावर निळा चौकोन आला आणि त्यात पांढरी अक्षरं उमटली : हे यंत्र नव्या प्रणालीच्या किमान अपेक्षा पूर्ण करत नाही. खाली एकच बटण होतं, 'ठीक आहे'.

"ठीक नाहीये," नाना पडद्याला म्हणाले. "कोणी ठरवल्या या अपेक्षा?"

ही भाषा त्यांच्या ओळखीची होती. कंपनीत नवी यंत्रणा आली तेव्हा एका तुळतुळीत दाढी केलेल्या पोरानं त्यांना केबिनमध्ये बोलावलं होतं. कॉफी पाजली होती, तुमचा अनुभव अमूल्य आहे असं सांगितलं होतं आणि मुदतीआधी घरी पाठवलं होतं. पुष्पगुच्छ मात्र मोठा होता.

तेव्हापासून जुन्या बाजारातून जाताना नानांची नजर टाकून दिलेल्या वस्तूंवर रेंगाळायची. हा कॉम्प्युटर त्यांना तिथेच दिसला. "चालणार नाही साहेब, उगाच ठेवलाय," दुकानदार म्हणाला. एवढं ऐकल्यावर नाना तो उचलून आणणार, हे ठरलेलंच होतं.

"अहो, ते जेवायचं टेबल आहे," बायको म्हणाली. "संध्याकाळी भंगारवाला येतोय. तोवर हे चालू झालं तर ठेवा, नाहीतर रद्दीबरोबर जाईल."

"आणि चालू झालं तर?"

"तर त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही."

असं आश्वासन नानांना लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होतं. पण प्रश्न तेवढाच नव्हता. हे यंत्र भंगारात गेलं तर त्या तुळतुळीत पोराचं म्हणणं खरं ठरणार होतं.

जगात काही हट्टी माणसं असतात. कंपन्यांनी म्हातारी ठरवलेल्या यंत्रांसाठी ती फुकटात हलकीफुलकी प्रणाली लिहीत बसतात. नानांना ही माणसं न भेटताच आवडली होती. त्यांची प्रणाली नानांनी शेजाऱ्याच्या लॅपटॉपवरून पेन ड्राइव्हमध्ये उतरवून घेतली होती. ती लावून त्यांनी बटण दाबलं. कॉम्प्युटर किंचाळला आणि काळाठिक्कर पडला.

"गेला का हो?" स्वयंपाकघरातून मावशींनी विचारलं. नानांची मुलगी रांगत होती तेव्हापासून मावशी या घरात स्वयंपाकाला होत्या.

"गेला नाही, रुसलाय. टॉर्च धरता का जरा?"

नानांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत धुळीची गादी होती. मावशींनी दोन्ही हातांनी टॉर्च धरला.

"मावशी, उजेड हलतोय."

"हात हलतोय, नाना. उजेडाचं काय, तो बिचारा हाताबरोबर जातो."

नानांनी मेमरीची पट्टी उपसली, तिचे पितळी दात खोडरबरानं घासले आणि पुन्हा खाचेत दाबून बसवली. या वेळी पडदा उजळला. यंत्राच्या घड्याळात कितीतरी वर्षांपूर्वीची तारीख होती. त्याच्या हिशेबानं नाना अजून नोकरीत होते. नानांनी त्याला प्रेमानं थोपटलं.

दुपारच्या भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. नाना पाण्याचे घोट घेत, पडद्याकडे बघत जेवले. मावशी आत गेल्यावर बायकोनं आवाज खाली आणला.

"मी सांगितलेलं ते काम आज तरी करणार आहात का?"

"ह्याच्यावरच करतो. एकदा चालू होऊ दे."

"किती दिवस टाळताय."

"आज नाही टाळत. झालं?"

नवी प्रणाली पडद्यावर आली आणि तिनं विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसायचं? पुसलेलं परत मिळणार नाही.

"पूस," नाना म्हणाले.

हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. शेवटाजवळ आली आणि थांबली. नेमकी तेव्हाच दाराची घंटा वाजली.

भंगारवाल्यानं रद्दी काट्याला लावली, मग आत डोकावून टेबलाकडे बोट केलं. "ते पण ना? बाई म्हणाल्या होत्या."

"ते नाही," नाना म्हणाले. खुर्ची सोडली नाही.

"काका, जुना माल आहे. आता कशाला ठेवता? यापेक्षा बरे मिळतात बाजारात."

"मिळत असतील. इतकी वर्षं राबलंय ते. थोडं हळू चालतं, थोडं विसरतं, म्हणून उचलून बाहेर टाकायचं? कोणी केबिनमध्ये बसून ठरवलं म्हणून? या घरात नाही चालणार ते."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून मावशी ऐकत होत्या. "अगदी माझ्या मनातलं बोललात, नाना," त्या म्हणाल्या.

भंगारवाल्यानं बायकोकडे बघितलं. बायकोनं घड्याळाकडे बघितलं. आणि हिरवी पट्टी टुणकन शेवटाला जाऊन टेकली. पडदा क्षणभर काळा झाला, मग त्यावर स्वच्छ निळं आकाश पसरलं. 'स्वागत आहे,' यंत्र म्हणालं.

भंगारवाला नुसती रद्दी घेऊन गेला. त्याच्या पाठीकडे बघताना नानांना ती त्या तुळतुळीत पोराची वाटली.

"बघा, चाललं की नाही," मावशी म्हणाल्या. "उगीच लोक म्हातारं म्हणतात. थांबा, आलं घालून चहा टाकते." आणि भिंतीला हात लावत त्या आत गेल्या.

बायकोनं दिलेला शब्द पाळला. ती खुर्ची ओढून नानांच्या शेजारी बसली आणि वाट बघू लागली.

नानांनी स्वयंपाकघराचं दार हलकेच लोटून घेतलं. मग कोरं पान उघडून मन लावून टाइप केलं : 'पाहिजे. स्वयंपाकासाठी बाई. चटपटीत हवी. वय चाळीसच्या आत.'