आपल्याच फोनमधलं बोलणं

माझं बोलणं अक्षरांत दाखवणारं ॲप परदेशी कंपनीनं आपल्या देशापुरतं बंद केलं, त्याला चार दिवस झाले होते. ऐकू न येणारी सहा वर्षांची लेक तेव्हापासून रुसली होती. आईनंच बोलणं टाकलं, असं तिला वाटलं. लिहून दाखवलं, तर अभ्यास समजून वही ढकलायची. “वहिनी, हे दुसरं ॲप सगळ्यांसाठी खुलंय. आपल्याच विद्यापीठानं याला आपली भाषा शिकवलीय. फोनमध्येच राहतं, कुणाच्यानं बंद होणार नाही,” इंजिनिअर नणंद म्हणाली. “इंटरनेट बंद कर आणि बोल.” घाबरतच बंद केलं. “दूध संपव बघू,” मी कशीबशी म्हणाले. पडद्यावर अक्षरं उमटली. लेकीनं बोट फिरवत वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि ठामपणे मान हलवली: नाही. “झाली हिची नाटकं सुरू,” नणंद म्हणाली. मी फोन जवळ ओढून लेकीला मनसोक्त रागावले.