हॅम्बुर्ग कुठं आलं?

रेगेन्सबुर्गच्या जुन्या गावठाणातल्या बेकरीत शिरताच म्हाताऱ्या मालकिणीनं केतकीला घट्ट मिठी मारली. ती भराभर जर्मन बोलत होती. अनंतरावांना त्यातला एकच शब्द कळला, हॅम्बुर्ग. तो तीनदा आला.

मुलाकडे आल्यापासून चार दिवस सूनच त्यांना फिरवत होती. दगडी पूल, अरुंद गल्ल्या, रंगीत घरं. त्यांना धाप लागली की तीच काहीतरी निमित्त काढून थांबायची.

चौकातल्या बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "हॅम्बुर्ग कुठं आलं गं?"

केतकीनं पावाची पिशवी बाजूला ठेवली. "उत्तरेला, बाबा. रेल्वेनं सहा तास. मी तिथं राहते. आमचा घटस्फोट होऊन वर्ष झालं."

"मग आत्ता इथं कशी?"

"तुमची बायपास झालेली. निनाद म्हणाला, बाबांना सोसणार नाही, आठवडाभर ये. आणि मलाही तुम्हाला भेटायचं होतं."

अनंतरावांनी पावाची पिशवी उचलून स्वतःकडे घेतली. मग म्हणाले, "आजची गाडी मिळते का बघ. निनादशी मी बोलतो. माझ्यासाठी आणखी ओढाताण नको करूस, पोरी."

संध्याकाळी स्टेशनवर ती भर गर्दीत वाकून त्यांच्या पाया पडली. सवयीनं 'अखंड सौभाग्यवती' त्यांच्या ओठांवर आलं. ते त्यांनी तसंच गिळलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "सुखी राहा."