कोपराखाली चार बोटं

शालिकराम मिस्त्रीने शेगडीजवळचा विझलेला कोळसा उचलला. "बाई, इथं भिंतीले लागून उभ्या राहा बरं. पोळी लाटता तसा हात करा."

यमुताई पाटावर बसून पोळ्याच लाटत होत्या. तव्यावरची पोळी उतरवून, उजवा तळवा भिंतीवर टेकून त्या उठल्या. आधी एक गुडघा, मग तळव्यावर भार, मग दुसरा गुडघा. तळवा रोज टेकायचा तिथे चुन्यावर तेलकट डाग पडला होता, जमिनीपासून दीड फुटावर.

मिस्त्रीने त्यांच्या वाकवलेल्या कोपराखाली चार बोटं धरली आणि रेघ ओढली. विश्वनाथने टेप लावली.

"साडेतेहेतीस इंच," तो म्हणाला आणि ग्राफपेपरवर आकडा लिहिला. बी.एस्सी.चा निकाल लागल्यापासून तो याच कागदात गुंतला होता. सहा फुटांचा ओटा, डावीकडे सिंक, खिडकीखाली गॅसची शेगडी. सहा वर्षांनी गॅसचा नंबर लागला होता. सिलिंडर खाली आणि शेगडी वर हवी, ओटा नसेल तर जोडणी मिळणार नाही, असं एजन्सीचा माणूस बजावून गेला होता. वाडीहून आणलेला काळा कडप्पा अंगणात भिंतीला टेकून उभा होता.

"आता धरमपेठेत खाली बसून कोणीच रांधत नाही, आई. शोभाकाकूंकडे तर पांढऱ्या टाइल्सही लागल्या. फुंकणं नाही, राख नाही. तुझं काम निम्म्यावर येईल."

"निम्मं," यमुताई म्हणाल्या. त्यांनी लाटणं अजून हातातच धरलं होतं.

"निम्म्याहून कमी!" दारात वर्तमानपत्र घेऊन उभे असलेले मधुकरराव म्हणाले. "मी आजच ऑफिसात सांगतो. आनंदराव केव्हाचे म्हणून राहिले, वहिनींच्या हातचा वडाभात खायचा आहे. गॅस आला की एका रविवारी सगळा सेक्शनच बोलवू. आठ-दहा माणसं काय, उभ्या उभ्या होऊन जाईल."

यमुताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या रेघेकडे.

"मिस्त्री, यांचंही माप घ्या," त्या म्हणाल्या.

मधुकरराव हसले. "माझं काहून? मी काय पोळ्या लाटतो?"

"भात टाकत होतात."

पाळी होती तोवर महिन्यातले चार दिवस यमुताई बाजूला बसत आणि मधुकरराव रांधत. भात, पिठलं, कधी नुसतीच खिचडी. तिखटमिठाचा अंदाज यमुताई मागच्या खोलीतून सांगत, चटईवर पाय लांब करून. दोन वर्षांपूर्वी पाळी थांबली. तेव्हापासून मधुकररावांनी शेगडीला हात लावला नव्हता, आणि ती चटई गुंडाळून माळ्यावर गेली होती.

विश्वनाथ ग्राफपेपरवरच्या चौकटी पाहू लागला.

"ती गोष्ट वेगळी होती," मधुकरराव हळू आवाजात म्हणाले. "तेव्हा इलाज नव्हता."

"हो. माझाही नव्हता. पण पडायला मिळत होतं."

मिस्त्री एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होता. "साहेब, मापाले काय जाते? या."

मधुकररावांनी वर्तमानपत्र काखेत धरलं आणि भिंतीशी जाऊन हात वाकवला. मिस्त्रीने चार बोटं धरून दुसरी रेघ ओढली. विश्वनाथने टेप लावली.

"साडेएकोणचाळीस. बरोबर सहा इंचांचा फरक. सरासरी काढली तर साडेछत्तीस."

"साडेछत्तीसवर तर दोघंही कण्हतीन," मिस्त्री म्हणाला. "मले एकच रेघ सांगा. उद्या विटा लावून राहिलो मी. ओटा काही वर-खाली होत नाही."

"खालची," मधुकरराव म्हणाले. "त्यात काय विचारायचं?"

"वरची. महिन्यातले चार दिवस पुन्हा तुमचे," यमुताई म्हणाल्या.

"अगं, चार दिवसांसाठी कोणी ओटा उंच बांधतं का? लोक हसतील."

"खालचा बांधला तर पहिल्याच महिन्यात तुमची कंबर धरेल. मग तुम्ही म्हणाल, मला जमत नाही. मला माहीत आहात ना तुम्ही."

"आणि तू? तू महिनाभर काय करशील?"

"महिनाभर नाही. सव्वीस दिवस."

तव्यातून धूर यायला लागला होता. यमुताईंनी फडक्याने तवा उतरवून ठेवला. बसायचा पाट पायानेच सरकवत त्यांनी भिंतीशी नेला, तिथल्या खुंटीला धरून त्या पाटावर चढल्या आणि पुन्हा हात वाकवला. मिस्त्रीने कोपराखाली चार बोटं धरली. वरची रेघ अजून तीन इंच वर होती.

मधुकररावांना हायसं वाटलं असावं. "पाहिलंस?" ते म्हणाले. "पुरत नाही."

यमुताईंनी मान वळवली नाही. हात तसाच वाकवलेला होता, पोळी लाटताना असतो तसा.

"विशू," त्या म्हणाल्या, "अजून एक पाट आण. यांचा जेवायचा."